जाऊबाईंचे दात आणि माझं तोंड

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे दात मला बघवत नसत. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं खरं लिहायला सोपं जाईल.

आमच्या सिडकोतल्या गल्लीत पन्नाशी ओलांडलेल्या बायका हल्ली माझ्याकडे येतात. दारातच उभ्या राहून, पदर तोंडाला लावून हळूच विचारतात, "काकू, तुमचं तसं झालं होतं ना, मलापण तसंच होतंय." मग मी पहिल्यापासून सांगत बसते. माझं तोंड मुळात कोरडं, बोलून बोलून आणखी कोरडं पडतं. शेवटी आमचे हे म्हणाले, "एकदा लिहून काढ. त्यांना वाचायला देता येईल आणि मला जेवण वेळेवर मिळेल." मी सातवी शिकलेली. शाळा सुटल्यावर जे वाचलं ते वाण्याच्या पुडीचे कागद उलगडून वाचलं. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नका, मजकुराकडे बघा.

जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. त्या आणि मोठे भाऊजी चांदवडजवळ मळ्यात राहतात, कांदा करतात. ह्यांची नोकरी अंबडच्या कारखान्यात, म्हणून आम्ही नाशकात. अक्कांना चार बाळंतपणं झाली, उन्हातान्हात राबल्या, गालाला सुरकुत्या पडल्या, पण दात असे की विचारू नका. अडकित्ता घरात असताना सुपारी दाताने फोडायच्या. ऊस सोलायला कोयता लागायचा नाही. आणि हसायच्या तेव्हा सगळे दात दाखवून हसायच्या. त्यांच्या हसण्याचा मला राग यायचा. माणसाने इतकं हसू नये असं वाटायचं.

भाजी अळणी की खारट

माझी पाळी पन्नाशीच्या आतच गेली. तेव्हा मी साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली होती. सुटले म्हटलं, बाजूला बसणं नको, कपड्यांची भानगड नको. पुढे काय होतं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. अंगातून वाफा निघायच्या, पंख्याखाली बसूनही पाठ भिजायची. तेवढं शेजारणीला माहीत होतं. "होतं गं, वर्षभरात थांबतं," म्हणाली. पण तोंडाचं तिलाही माहीत नव्हतं.

चहाने जीभ पोळल्यावर ती कशी होते? तशी माझी दिवसभर राहायला लागली. ठेचा तर सोडाच, साधं वरण झोंबायचं. तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरीचा घास पाण्याशिवाय खाली उतरेना. चव गेली. मी मीठ टाकायचे, चाखायचे, कळायचं नाही, पुन्हा टाकायचे.

"आज भाजीत समुद्र ओतलास काय?" हे म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी भीतीने मी मीठच कमी टाकायचे. मग म्हणायचे, "आज उपास आहे का?"

सकाळी दात घासले की फेस लालसर यायचा. हिरड्या खाली सरकल्या, दात लांब दिसायला लागले, घोड्याचे असतात तसे. समोरचे खालचे चार दात जिभेने ढकलले की हलायचे. आणि ती वाईट खोड लागली मला, सारखी जीभ तिथेच. तोंडाला वास येतोय असं मला वाटायचं. खरंच यायचा की नाही, कोणाला विचारणार? मी ह्यांच्याकडे पाठ करून झोपायला लागले. एकदा हे म्हणाले, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "उकडतं फार." बायांनो, नवराबायकोत एवढं अंतर चार हलत्या दातांमुळे पडतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

उपाय सगळे केले. लवंग धरली, तुरटीच्या पाण्याने गुळण्या केल्या, पेरूची पानं चावली. दातांच्या डॉक्टरकडे मात्र गेले नाही. दात म्हणजे काय दुखणं आहे? ताप नाही, खोकला नाही. दातासाठी दवाखान्यात जाते म्हटलं तर सासरी हसले असते.

चांदवडचे हरभरे

त्या वर्षी संक्रांतीनंतर आम्ही मळ्यात गेलो होतो. शेकोटीवर हिरवे हरभरे भाजले होते. सगळे गोल बसून फोडून खात होते, हात आणि ओठ काळे. मी दोन दाणे गालात धरून बसले होते, मऊ पडण्याची वाट बघत. अक्कांनी बघितलं.

"काय गं कुसुम, दात नाशकात ठिवून आलीस का?"

सगळे हसले. हेही हसले. भाऊजी म्हणाले, "शहरातलं पाणी बाई! दोन रंगांच्या पेस्टी वापरतात, अन् दात बघा."

अक्कांनी मूठभर हरभरे तोंडात टाकले आणि कडाकडा चावले. माझ्याकडे बघत चावले असं मला वाटलं. तो आवाज आजही माझ्या कानात आहे. मला त्यांच्या शेताचा कधी हेवा वाटला नाही, दागिन्यांचा नाही, चार मुलांचाही नाही. पण त्या दिवशी मला त्यांच्या जबड्याचा हेवा वाटला, इतका की पोटात दुखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या दगडावर त्या मिश्री लावत बसल्या होत्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. खेड्यातल्या बायका सकाळी अर्धा तास त्यात घालवतात. तोंडात बोट, नजर लांब कुठेतरी. कामाच्या रगाड्यात तेवढीच त्यांची हक्काची बैठक. मी शेजारी जाऊन बसले.

"अक्का, हिच्यामुळे राहिलेत का दात तुमचे?"

"मंग कशानं? माझ्या आईचे लाकडावर जाईपर्यंत व्हते."

"मला द्या थोडी."

"तुला झेपायची नाय. चक्कर यील."

झेपायची नाही म्हणाल्या, तिथेच मी घेणार हे ठरलं. चक्कर आली, घाम सुटला, आंब्याच्या बुंध्याला धरून बसले. पण एक झालं, हिरडीचं दुखणं बधिर झालं. कित्येक महिन्यांनी तोंड शांत वाटलं. जाताना अक्कांनी डबी भरून दिली. पुढे कुणी चांदवडहून येणार असलं की कांद्याच्या पिशवीत डबी असायची. मी ती खालच्या ओठाच्या आत चिमूटभर धरून ठेवायला लागले. आधी सकाळी, मग दुपारीही.

दर महिन्याला आरशात दात बघायचे, अक्कांच्या दातांसारखे होतात का. काळे मात्र तसेच झाले.

"आई, हे पांढरं काय आहे?"

माझी मुलगी सुनीता नांदगावला दिलेली. दोन वर्षांनी दिवाळीला आली होती. मी फराळाचं तळताना ठसका लागला, तोंड उघडलं, आणि तिने माझी हनुवटीच धरली.

"आई, ओठ खाली कर. हे पांढरं काय आहे?"

"चुना लागला असेल."

"तू पान कधी खातेस?"

तिने बोटाने पुसून बघितलं, निघेना. भाऊबीज झाली की तिने मला कॉलेज रोडच्या एका दातांच्या दवाखान्यात नेलं. हे बरोबर आले. मी म्हटलं, तुम्ही कशाला? म्हणाले, "खुर्चीत झोपवतात म्हणे, तू घाबरशील." प्रत्यक्षात घाबरून घाम त्यांनाच आला होता.

डॉक्टरीणबाई तरुण, सुनीतापेक्षा थोडी मोठी. तिने पहिला प्रश्न विचारला, "काकू, पाळी कधी बंद झाली?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दात दाखवायला आलेय, आणि शेजारी नवरा उभा! हे लगेच भिंतीवरचं जबड्याचं चित्र बघायला लागले, जसं काही त्यांना त्यात परीक्षा द्यायची होती.

"दाताचा आणि त्याचा काय संबंध?" मी म्हटलं.

तिने समजावून सांगितलं, फार सोपं करून. पाळी थांबली की अंगातले हार्मोन कमी होतात. सगळ्याच बायकांना नाही, पण बऱ्याच जणींना त्याने लाळ कमी सुटते, तोंड कोरडं पडतं, जळजळतं, चव जाते. हिरड्या नाजूक होतात. दात ज्या हाडात रोवलेले असतात ते हाडही झिजू शकतं. "तुम्ही तेव्हाच आला असतात तर बरेच दात वाचले असते, काकू."

मला रडूच आलं. दुःखाने नाही, संतापाने. एवढं साधं होतं? माझ्या आईला, मावशीला, आमच्या गल्लीतल्या पन्नास बायकांना हे माहीत नव्हतं? कोणी म्हणे उष्णता, कोणी म्हणे पित्त, कोणी म्हणे वय. मी वेडी नव्हते, जळत होतं ते खरंच जळत होतं.

मग तिने ओठ उलटा करून तो पांढरा डाग बघितला. फार वेळ बघितला.

"मिश्री लावता?"

मी मान हलवली. हे चित्रावरून माझ्याकडे वळले.

"दोन वर्षं," मी म्हटलं.

"ह्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायला लागेल. मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी देते."

कोणीच तो शब्द उच्चारला नाही. आम्ही रिक्षात बसलो. मग हे म्हणाले, "मिश्री? आमच्या घरात?" आणि मी म्हटलं, "अक्कांकडून मागून घेतली. त्यांनी आपणहून दिली नाही, मी मागितली." पण त्यांना पुढचं ऐकूच गेलं नाही.

रांगेत

हॉस्पिटलात सकाळी जायचं, केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, रांग पुढे सरकेल तसं आपण सरकायचं. त्या रांगेतल्या बायकांची तोंडं पदराने झाकलेली. मीही माझा पदर तोंडावर ओढला.

माझ्या शेजारी घोटीकडची एक बाई होती. भाताची शेती. तिने पिशवीतून भाकरी काढली, चहाच्या कपात कुस्करली आणि बोटाने चाटून खाल्ली.

"झोंबतं का?" मी विचारलं.

"लय. पन आता सवय झाली. तुमचं काय?"

"अजून कळायचंय."

"मंग आज पोटभर खाऊन घ्या बाई," ती म्हणाली, आणि तिचीच ती हसली. मीही हसले. त्या हसण्याने मला जेवढा धीर दिला तेवढा घरच्या कुणी दिला नाही. घरचे नुसते "काही नसेल गं" म्हणत होते.

तुकडा काढताना दुखलं नाही, सुईच काय ती टोचली. तांदळाच्या दाण्याएवढा असेल. त्या दाण्यात माझं सगळं आयुष्य आहे असं मला वाटलं, आणि तो बाटलीत टाकून नर्सने इतक्या सहज उचलून नेला.

रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. ते दिवस मी कसे काढले? हेवा करत काढले, खरं सांगते. रस्त्याने जाताना कोणी पेरू खाताना दिसलं की थांबून बघायचे. शेजारणीच्या घरातून पापड मोडल्याचा आवाज आला तरी डोळे भरायचे. टीव्हीवरच्या पेस्टच्या जाहिरातीतल्या पोरी हसल्या की मी बंद करायचे. ह्यांनी तर घरात चिवडा खाणंच सोडलं. नाशिकचा माणूस आणि चिवडा सोडतो! डबा तसाच भरलेला. एक दिवस मी तो त्यांच्यापुढे आदळला.

"खा! माझ्यासमोर खा. मी मेले नाही अजून."

"मला नको, पोट बिघडलंय."

"मग सकाळी दुकानावर उभं राहून मिसळ कोणी खाल्ली? शर्टावर तर्री आहे."

त्यांनी शर्टाकडे बघितलं, मग मुकाट्याने वाटीत चिवडा घेतला आणि दूध घालून, भिजवून, मऊ करून खायला लागले. तो गिळगिळीत लगदा चमच्याने खाणारा माणूस बघून मला हसू आवरेना. त्या रात्री मी पाठ फिरवून झोपले नाही.

पण सगळ्यात जास्त हेवा अक्कांचाच. त्यांनी चाळीस वर्षं मिश्री लावली आणि त्या सुपाऱ्या फोडतायत. मी दोन वर्षं लावली आणि माझा तुकडा बाटलीत. हा कुठला न्याय? देवाला मी हेच विचारायचे. मला बरं कर, असं म्हणायच्या आधी हे विचारायचे.

आखाजीचं बोलावणं

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण डाग साधाही नव्हता, दुर्लक्ष केलं आणि मिश्री चालू ठेवली तर तसा होऊ शकेल असा होता. मिश्री त्याच दिवशी बंद, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि खालचे चार आणि वरचे तीन दात काढावे लागणार होते.

दात गेल्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. नंतर वाटलं. कवळी बसवल्यावर पहिले काही आठवडे तोंडात कोणाचं तरी सामान ठेवल्यासारखं वाटायचं. "शेवग्याच्या शेंगा" म्हणता येईना, शिट्टी वाजायची. भाजीवाला म्हणायचा, "मावशी, बोट दाखवा फक्त." आणि मिश्री सोडणं काय असतं ते सोडणाऱ्यालाच कळतं. दुपार झाली की हात आपोआप डबीकडे जायचा. चिडचिड, भांडी आदळणं. बडीशेप चघळली, पाणी घोटघोट प्यायले. डॉक्टरीणबाईंनी लाळेसाठी साखर नसलेल्या गोळ्या सांगितल्या, त्या चघळल्या. हळूहळू गेलं.

इकडे घरात वेगळंच पेटलं. ह्यांनी चांदवडला फोन करून मोठ्या भावाला सुनावलं, "वहिनींनी माझ्या बायकोला तंबाखूला लावली. मरता मरता वाचली." मी मागून ओरडत होते, "अहो, मी मागितली होती!" पण पुरुष फोनवर असले की त्यांना मागचं ऐकू येत नाही. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्हाला बोलावणं आलं नाही. सासरच्या घरात आखाजीचा झोका, सांजोऱ्या, लेकीसुना, सगळं झालं, आमच्याशिवाय.

आणि मला काय वाटलं? वाईट वाटलं, पण त्याच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. एकदाचं कोणीतरी अक्कांच्या दातांना नावं ठेवली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्यांच्याकडून मिश्री आणायचात, त्या दाखवून गेल्या का? त्या तर चाळीस वर्षं लावतायत म्हणालात."

"त्यांना काही होत नाही," मी म्हटलं.

"तुम्हालाही काही होत नव्हतं, काकू. मुलीने बघेपर्यंत."

घरी आले. जेवण गेलं नाही. समजा अक्कांच्या ओठात तेच असेल, आणि पुढे गेलेलं असेल, आणि मी रुसून बसले म्हणून कुणी बघितलंच नाही, तर? ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी फोन करणार नाही." मी म्हटलं, "तुमचा फोन नकोच आहे." सकाळची एसटी धरली.

ओसरीवरच्या उन्हात

अक्का कांदे निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"आलीस? अजून काय राह्यलं बोलायचं?"

"अक्का, हे जे बोलले ते चुकलं. मी त्यांना सांगितलंय."

"मी तंबाखू लावली तुला! साऱ्या भावकीत झालं. थोरल्या जाऊनं नाशकाच्या धाकटीला मारली म्हनत्यात."

"डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय."

"मला काय धाड भरली? हे बघ!" आणि त्यांनी सुपारी तोंडात टाकून कटकन फोडली.

माझ्या नव्या कवळीखाली हिरडी ठणकली. एवढं होऊनही मला आधी तो हेवाच आला.

"माझंही कुठे काही दुखत होतं?" मी म्हटलं. "दुखत नव्हतं म्हणूनच कळलं नाही. तुम्हाला ओठाच्या आत काही लागतं का?"

"नाय. जरा खरखरीत लागतं."

"किती दिवसांपासून?"

त्यांनी हातातला कांदा टोपलीत टाकला, ओसरीच्या कडेला उन्हात आल्या, आणि दोन बोटांनी खालचा ओठ उलटा करून माझ्यासमोर धरला. "बघ."

मी आयुष्यात पहिल्यांदा ते दात जवळून बघितले. काळपट, पिवळे, भक्कम. एकही हलत नव्हता. आणि त्यांच्याखाली दुधावरच्या सुरकुतलेल्या सायीसारखा डाग.

"हाय का?" ओठ धरलेलाच, त्यामुळे शब्द फुटत नव्हता.

"आहे, अक्का."

त्यांनी ओठ सोडला. कांद्याची टोपली भिंतीकडे सारली. मग म्हणाल्या, "लुगडं बदलते. दुपारची गाडी मिळंल."

रिपोर्ट येईपर्यंत त्या आमच्याकडे राहिल्या. पहिल्या जेवणाला हे मान खाली घालून बसले. अक्काच म्हणाल्या, "काय भावजी, आता कुणाला फोन करनार? माझ्या वाटची शिवी कुणाला देनार?" ह्यांनी त्यांच्या ताटात स्वतः तूप वाढलं. झालं, दोघांचं मिटलं. मग चिवड्याचा डबा निघाला, कोरडा, दुधाशिवाय. अक्का कुरुमकुरुम खात होत्या. मी माझ्याच घरात बसून माझ्याच जाऊचा हेवा करत मऊ भात कालवत होते आणि त्याच तोंडाने देवाला म्हणत होते, हिचं नीट निघू दे.

नीट निघालं. डाग होता, पण माझ्याच जातीचा. मिश्री बंद, तपासणी चालू. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, चाळीस वर्षांत एवढ्यावरच थांबलं हे नशीब आहे, मिश्री काही औषध नव्हे, दुसऱ्या बाईचं असंच होईल असं नाही. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हिच्यापेक्षा बारका हाय ना पन माझा?"

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "थोडासा."

अक्कांनी माझ्याकडे विजयाने बघितलं. म्हणजे हा हेवा एकटीचा नव्हता तर!

परत जाताना बसस्टँडवर बाकावर बसलो होतो. गाडीला वेळ होता. अक्का एकदम म्हणाल्या, "कुसुम, त्या बाईनं मला आ कर म्हनली. लगीन होऊन आले त्यापासून मला कुनी आ कर म्हनलं नव्हतं. जेवली का, असं बी नाय. दात हायेत ना, मंग खातच आसंल. तुला तर नवरा दवाखान्यात घिऊन गेला. चिवडा भिजवून खाल्ला म्हने त्यानं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. मला लय राग आला तुझा."

अशा वेळी माणसाने जावेचा हात धरावा, काहीतरी गोड बोलावं. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत माझ्याकडे एक गोष्ट अशी निघाली, जी अक्कांकडे नव्हती आणि त्यांना हवी होती. हात मी धरला, पण त्या गुदगुल्या जिरल्यावर.

आता

त्याला बरीच वर्षं झाली. माझा डाग आहे तिथेच आहे, दाखवून येते. जळजळ कमी झाली, गेली नाही. चव अर्धी परत आली. कवळीचं सामान आता माझंच झालंय, शेवग्याच्या शेंगा नीट म्हणते. ज्या वाचताय त्यांना एवढंच सांगते, पाळी गेली की डोळे, गुडघे दाखवता तसं तोंडही एकदा दाखवा. महिन्यातून एकदा उजेडात ओठ उलटा करून बघा, नाहीतर लेकीला, जावेला, जी कोणी असेल तिला बघायला सांगा. दुखण्याची वाट बघू नका. आणि कुणाचे दात बघून तिची डबी मागू नका.

मिश्री सोडायला अक्कांना माझ्यापेक्षा जास्त जड गेलं. चाळीस वर्षांची बैठक मोडायची होती. मी रोज सकाळी त्यांच्या चोळण्याच्या वेळेला फोन करायचे आणि त्या मला मनसोक्त शिव्या द्यायच्या, तेवढ्यात ती वेळ निघून जायची. सुटली शेवटी. फोन मात्र सुटला नाही.

गेल्या थंडीत फोन वाजला, तो त्यांचाच. आवाज वेगळा, हवा निसटत होती.

"पडला गं एक. समोरचा."

"अरेरे," मी म्हटलं.

"हासतीस?"

"नाही हो अक्का, हसेन कशी?"

फोन ठेवला आणि मी पदरात तोंड खुपसून हसले. हे आतून विचारत होते काय झालं, मला सांगता येईना. हसण्याचा भर ओसरल्यावर रवा भाजायला घेतला. शिरा केला, तूप सैल हाताने घातलं, वेलची कुटून घातली, डबा गच्च भरला. सकाळच्या चांदवड गाडीला मी खिडकीची जागा पकडून बसले होते. समोरच्या दाताशिवाय पहिला घास कुठल्या बाजूने घ्यायचा, ते त्यांना दाखवायला दुसरं होतं कोण?